लेकरू ऐकत नाही? आधी घर तपासा, या चुका टाळा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मोटारसायकल दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. बंद पडलेली गाडी ढकलत नेली की ते आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात. मग प्लग बघतात. इंजिन खोलायची गोष्ट अगदी शेवटी. मी मात्र माझ्या दोन्ही लेकरांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून थेट इंजिनच खोलत आले. हट्टी आहे, चिडका आहे, बापावर गेलाय, नजर लागली. टाकी बघायचं सुचलं तोवर थोरली सहा वर्षांची झाली होती नि धाकटा साडेतीनचा.

आमचं घर लातूरला. सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते), सासरे म्हणजे आबा, आम्ही दोघं आणि ही दोघं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत, आणि एखाद-दुसरी अजून सुटलेली नाही.

दिवेलागणीची रड

धाकटा अडीच वर्षांचा झाल्यापासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू व्हायचा. कारण काहीही चालायचं. वाटी स्टीलची का दिली, आबांनी त्यांची स्वतःची चप्पल का घातली. एकदा सोलताना केळ मोडलं, तर ते जोडून दे म्हणून पाऊण तास रडला. दुसरं केळ दिलं तर ते नको, हेच जोडून पाहिजे. आत्याबाई रोज मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या उतरवून टाकायच्या. "ठसका आला नाही बघ, जबर नजर आहे," म्हणायच्या. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, कान बघितले आणि विचारलं, "दुपारी किती वाजता झोपतो?" मला सांगता येईना. मी चोवीस तास घरात असते आणि मला सांगता येईना!

घरी येऊन कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार दिवस लिहून काढलं. किती वाजता उठला, काय खाल्लं, कधी झोपला, कधी रडला. चौथ्या दिवशी कोडं सुटलं. तो दुपारी एकला झोपायचा आणि थोरलीची रिक्षा दीडला दारात हॉर्न वाजवायची. झोप अर्ध्या तासात मोडायची. पाच वाजता आबांच्या चहाबरोबर बशीभर चहा आणि चार बिस्किटं पोटात जायची. रात्री आम्ही झोपणार अकराला, म्हणून तोही अकराला. सगळी झोप मिळून नऊ तास भरत होती. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या पुढच्या, तीन वर्षांच्या आतल्या लेकराला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप सांगते. म्हणजे आमचं लेकरू महिनोन्‌महिने उधारीवर चालू होतं आणि आम्ही मिरच्या जाळत होतो.

झोप बाराला आणली. रिक्षावाल्या दादांना गल्लीच्या तोंडाशीच थांबायला सांगितलं, थोरलीला आणायला मी चालत जाऊ लागले. पाचला चहा-बिस्किटाऐवजी ताकात कुस्करलेली अर्धी भाकरी. रात्री साडेआठला टीव्ही बंद, आमचासुद्धा. हे सगळ्यात जड गेलं, आणि ते लेकराला नाही, आम्हाला. रड थांबली असं मी म्हणणार नाही. पण पाऊण तासाची दहा मिनिटांवर आली.

तुमच्या घरी ठरलेल्या वेळेला ठरलेलं रडगाणं चालत असेल तर आधी हे चार दिवसांचं पान लिहा. स्वभावाबद्दल मत नंतर बनवा. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, त्यानं कुणाचं काही जात नाही. फक्त मिरचीचा धूर लेकराच्या डोळ्या-नाकात जाऊ देऊ नका.

"काहीच खात नाही हो"

हे वाक्य मी दारात आलेल्या प्रत्येक बाईला ऐकवलं आहे. त्याच पानावर लिहिलेलं वाचलं तेव्हा लाज वाटली. सकाळी मोठा पेला दूध. दहाला बिस्किटं. अकराला पाच रुपयांची खाऊची पुडी. जेवणाआधी शांत बसावा म्हणून परत दूध. लेकरू दिवसभर खात होतं, जेवत तेवढं नव्हतं.

वर्षाच्या पुढच्या लेकराला दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत पुरतं. त्याहून जास्त झालं की पोट दुधानंच भरतं, आणि दुधात लोह नसल्यासारखंच असतं, म्हणून गुटगुटीत दिसणाऱ्या लेकराचंही रक्त कमी निघू शकतं. चहाचं तर बोलायलाच नको. जेवणाच्या आसपास घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आपल्याकडं बशीतून चहा पाजणं हा लाडाचा भाग आहे, म्हणून तो बंद करताना घरात रुसवे होतात. होऊ द्यावेत.

दुसरी चूक म्हणजे घास घेऊन मागं धावणं. ती कळली ती येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला. आम्ही सगळे शेतात होतो. सकाळपासून बांधावरून उंडारलेलं हे पोरगं कोपीपुढं सगळ्यांच्या पंगतीत बसलं, भज्जी दोनदा मागून घेतली, आंबील गटागट प्यायलं. त्या दिवशी कुणाला त्याच्याकडं बघायला वेळच नव्हता. घरी परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. दोन खाण्यांच्या मधल्या दोन-तीन तासांत पाण्याशिवाय काही नाही, आणि त्याचं ताट आमच्याबरोबर खाली. त्यात धपाट्याचा एक तुकडा, चमचाभर दही, जे आमच्या ताटात ते त्याच्या. सांडतं. मुंग्या होतात. चालायचंच.

शेताचा विषय निघाला म्हणून सांगते, अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात देऊ नका. हसता-पळताना दाणा श्वासनळीत जातो. कूट करून द्या, लाडू द्या.

मोबाइल लावून भरवणं? ते मी अजूनही कधीतरी करते. पाहुणे असले की करते. चूक आहे हे मला माहीत आहे.

उन्हाळा आणि दोन चमचे पाणी

थोरली मार्चमध्ये झाली. एप्रिलच्या मध्याला पारा ४० च्या वर. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगायची, "घशाला कोरड पडली असंल लेकराच्या, दोन चमचे पाणी पाज." आणि मी पाजलं. पुढं तिला जुलाब लागले. पाण्यामुळंच लागले असं छातीठोक सांगता येणार नाही, पण टँकरचं पाणी, ते ओतून ठेवलेली वाटी, त्यात बुडवलेला चमचा, हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, मराठवाड्यातल्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात शंभरात ८८ भाग पाणीच असतं. बाळाला उन्हाळ्यात जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि पाणी आईनं प्यायचं. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत काही घरांत अजून आहे, तिथं जरा भांडा. दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होत असेल तर बाळाला पुरेसं मिळतंय.

जुलाबाच्या वेळी होणारी चूक वेगळी. ओआरएसची पुडी फोडायची, चिमूटभर पेल्यात टाकायची आणि उरलेली डब्यावर क्लिप लावून ठेवायची. असं करू नका. एक लिटरची पुडी असेल तर ती अख्खी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकाच वेळी. पाणी कमी घेतलं तर मीठ जास्त होतं, ते घातक. जास्त घेतलं तर उपयोग नाही. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकायचं, हात कितीही आखडला तरी. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या की जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायच्या. खाणं बंद करायचं नाही, अंगावरचं दूध तर नाहीच. लेकरू मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं किंवा पाजलेलं सगळं उलटून पडतंय, तर घरगुती उपाय करत न बसता उठा आणि दवाखाना गाठा.

सुईची भीती

"झोप, नाहीतर बुवा येईल." "जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." ही वाक्यं इतकी सोयीची आहेत की तोंडात आपोआप येतात. मी वर्षभर सुईवर घर चालवलं. मग थोरलीची पाच वर्षांची बूस्टर लस आली. लसीकरणाच्या दिवशी तिनं दाराची चौकट धरली ती दोघांनी मिळून सोडवावी लागली. रडत एकच विचारत होती, "मी आज काय केलं? मी तर जेवले." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर धाकट्याला सुई ही शिक्षा म्हणून कधी सांगितली नाही. जाताना खरं सांगते, "दुखेल, पाच मोजेपर्यंत दुखेल, मी धरून असेन." तो रडतो, पण चालत जातो. "काही दुखत नाही" हे खोटंही बोलू नका, ते एकदाच खपतं.

एक घर, दोन कायदे

मी खाऊच्या पुडीला नाही म्हणायचे आणि आबा खिशातून काढून द्यायचे. मी आबांना थेट बोलू शकत नव्हते, मग त्यांना ऐकू जाईल असं लेकराला रागवायचे. लेकी बोले सुने लागे, फक्त इथं बोलणी नातू खायचा नि लागायची आजोबांना. आबा दुखावले. लेकरानं मात्र त्यातून नेमकं उचललं की आई नाही म्हणाली तर आबांकडं जायचं.

दोन महिन्यांनी एका रात्री दोघं झोपल्यावर आबांशी बोलले. म्हटलं, "आबा, पुडी तुमच्याच हातून मिळू द्या, पण रविवारी. बाकीच्या दिवशी त्याला म्हशी बघायला न्याल का?" ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला काय पुडीची हौस आहे का पोरी? बोट धरून येतो ना तेवढ्यासाठी." आता दोघं संध्याकाळी गवळ्याच्या गोठ्यावर जातात. पुडी तरी कधीमधी येतेच, मी बघितलं न बघितल्यासारखं करते.

मोठ्यांचं भांडण लेकराच्या डोक्यावरून खेळू नका. आणि नवऱ्याला निरोप्या करू नका, त्यानं माझ्याकडं तरी गोष्ट बिघडलीच.

लातूर पॅटर्न बालवाडीत आणू नका

आमच्या शहरात शिकवण्यांच्या पाट्या वाचतच लेकरं मोठी होतात, त्यामुळं साडेतीन वर्षांच्या पोराला एबीसीडी लिहिता येत नाही म्हटलं की शेजारी गंभीर होतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण सांगतं, त्याआधीची वर्षं खेळायची मानतं. पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते. ती कणीक मळून, शेंगा सोलून, मातीत खेळून येते. हे दोन्ही लेकरांवर बघितलंय, एवढंच सांगते.

नळाच्या दिवशी

आमच्याकडं नळ रोज येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी या घरात नवी सून होते. भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, असा तो उन्हाळा काढलेला. त्यामुळं नळ आला की आजही माझ्या अंगात काहीतरी संचारतं. पहाटे साडेचारला मोटर, पाइप, बॅरल, हंडे, सगळं एकदम.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पहाटे धाकटा उठून आला. भरलेल्या हंड्यातून एक तांब्या घेतला आणि फरशीवर ओतला. पाणी कुठं जातं ते वाकून बघत उभा राहिला. मी चापट मारली. तो रडला नाही, नुसता ओला हात बघत राहिला. त्या रात्री झोपताना विचारलं, "आई, उद्या नळ आहे का?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाला आणि कुशीवर वळला.

सकाळी त्याच्यासमोर बसून सांगितलं की मारलं ते चुकलं. 'पण तूही' असं पुढं जोडलं नाही. पाणी सांडायचं नाही ही गोष्ट दुपारी वेगळी सांगितली. चॉकलेट देऊन मिटवू नका. ते मी आधी करून बघितलंय, लेकरू दोन्हींचा संबंध भलताच लावतं.

आता नळाच्या दिवशी त्याची स्वतःची छोटी कळशी आहे. ती भरायची, तुळशीला घालायची, परत यायचं. चार खेपा होतात, पाचवीला कंटाळतो आणि आत्याबाईंच्या पांघरुणात शिरतो. तोवर माझे हंडे भरतात.

आणि ही शेवटची चूक, जी आपल्याकडं घरोघरी दिसते. साठवलेलं पाणी उघडं ठेवू नका. चालायला लागलेलं लेकरू वीतभर पाण्याच्या बादलीतही तोंडावर पडलं तर त्याला उठता येत नाही, आणि ते ओरडतही नाही. रिकामी बादली पालथी, भरलेली न्हाणीत आणि न्हाणीला वरून कडी. बॅरलच्या झाकणावर आम्ही वीट ठेवायचो. एक दिवस धाकट्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलून आम्हाला दाखवली. आता झाकण दोरीनं बांधतो, गाठ भिंतीच्या बाजूला.