पोटगीचा अर्ज लांबवू नका, वकील फुकट मिळतो

घटस्फोट झाला की पोटगी मागता येत नाही असं बऱ्याच जणींना घरातलेच सांगतात, ते चूक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये घटस्फोटाच्या वेळी किंवा नंतरही कायमची पोटगी मागता येते, आणि केस चालू असताना घरखर्च भागवायला कलम २४ ची अंतरिम पोटगी असते. तिसरा रस्ता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (CrPC) कलम १२५ चा, तो १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (BNSS), कलम १४४ झालाय, स्वतःचा खर्च भागवता न येणारी घटस्फोटित बाई पुन्हा लग्न करेपर्यंत त्यात मागू शकते, धर्म कुठलाही असो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका प्लीज. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिची कमाई किती हे बघत नाहीत! ठाणे जिल्ह्यात राहत असाल तर ठाण्यात कोर्ट नाक्यावर जिल्हा कोर्टात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारायचं, नाहीतर आधी १५१०० ला फोन करायचा. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं पण खारघर-पनवेलवाल्यांचा जिल्हा रायगड, त्यामुळे चुकीच्या ऑफिसला हेलपाटा नको. १४४ चा अर्ज तुम्ही आता जिथे राहता तिथेही चालतो, म्हणजे माहेरी आला असाल तर तिथूनच.

आता खरी मेहनत कागदांची. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की दोघांनीही कमाई, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून समजुतीने मिटेल मिटेल करत सहा महिने घालवले तर ते सहा महिने सहसा हातातून गेले. नवरा पगारदार असेल तर त्याची सॅलरी स्लिप, इन्कम टॅक्स रिटर्न जे मिळेल ते जमवा, पण धंदा रोखीत असेल आणि कागदावर काहीच दाखवत नसेल तर तो राहतो कसा ते दाखवा, घरभाडं किती, गाडी कुठली, मुलांची शाळेची फी कोण भरत होतं, हप्ते कुठल्या खात्यातून जायचे. तुमचा खर्चही महिन्याचा लिहून काढा, भाडं, लाइट बिल, औषधं, सगळं, अंदाजे आकडा सांगितला तर समोरचा वकील तिथेच पकडतो. नोकरी असेल तर लपवू नका, थोडी कमाई आहे म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, खोटं मात्र महागात पडतं.

म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, करत असाल तर कागदावर "यापुढे काही मागणार नाही" असं लिहिलेलं असतं, एकरकमी पैसे खात्यात येण्याची सोय त्यात स्पष्ट असल्याशिवाय सही करू नका, आपला वकील वेगळा ठेवा, दोघांचा एकच नको.

आणि १४४ चा आदेश होऊनही तो पैसे देत नसेल तर वसुलीचा अर्ज करा, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत, त्यात वॉरंट निघतं आणि जेलही होऊ शकते.