आपल्या अंत्यविधीची तयारी आपणच कशी करून ठेवावी

माणूस गेल्यावर तासाभरातच घरच्यांवर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दहन की दफन? कुठे, किती वाजता? कुणासाठी थांबायचं? डोळे द्यायचे म्हणाले होते का? ज्यानं उत्तरं द्यायची, त्याचंच चित्त थाऱ्यावर नसतं. ही उत्तरं हातपाय धड असताना लिहून ठेवायची, एवढंच हे काम आहे. 'कसलं अभद्र बोलतोस' म्हणणारं कुणीतरी घरात निघेलच. वाद घालू नका, कागद घेऊन बसा.

१. आधी माणूस ठरवा

शेवटचा शब्द कुणाचा, ते एकच नाव लिहा; तो हाताशी नसेल तर दुसरा कोण, तेही. सर्वांत लाडका माणूस या कामाला योग्य असेलच असं नाही. रात्री-अपरात्री फोन उचलणारा आणि चार नातेवाइकांच्या आग्रहाला न बधणारा हवा. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार) दिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते मृत्यूबरोबर संपतं. तुमच्याकडच्या कायद्यात अशा लेखी इच्छेला किती वजन आहे, हे वकिलाला एकदा विचारून घ्या.

२. देहाचं काय करायचं

दान करायचं असेल तर ते कागदावर सर्वांत वर यावं, कारण तिथे घड्याळ चालू असतं. नेत्रदान साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं. देहदानाचा अर्ज भरून ठेवला तरी ऐनवेळी नकार येऊ शकतो: शवविच्छेदन झालेलं असेल, संसर्गजन्य आजार असेल. म्हणून 'देह स्वीकारला नाही तर दहन' असं एक वाक्य जोडाच. ते नसलं की घरचे पुन्हा त्याच गोंधळात.

दहन ठरवलं असेल आणि छातीत पेसमेकर असेल, तर ते ठळक लिहा. विजेच्या किंवा गॅसच्या दाहिनीत तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. त्या उष्णतेत पेसमेकरची बॅटरी फुटते, म्हणून तो आधी काढावाच लागतो. आणि तो बसवलाय हे घरात कधी कधी एकालाच माहीत असतं.

अस्थींचंही ठरवा. प्रौढ माणसाच्या अस्थी व रक्षा मिळून साधारण २ ते ३ किलो भरतात. त्या कुठे न्यायच्या हे न ठरल्यानं कलश घरात वर्षानुवर्षं पडून राहतो.

३. विधी

काय हवं त्यापेक्षा काय नको, ते आधी लिहा. बाकी फार बारकावे नकोत. घरच्यांनाही त्यांच्या समाधानासाठी काही करू द्या.

४. पैसे

एकट्याच्या नावावरचं खातं मृत्यूची खबर लागताच बँक गोठवते. त्यामुळे खर्चापुरती रक्कम विश्वासातल्या माणसासोबतच्या संयुक्त खात्यात ठेवावी. अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरून घेणाऱ्या योजना असतात. मला त्यांचा सरसकट भरवसा वाटत नाही. सही करण्यापूर्वी लेखी विचारा: माझे पैसे कुठे ठेवणार? तुमची संस्था बंद पडली तर? मी दुसऱ्या शहरात वारलो तर? उद्या दर वाढले तर फरक कोण भरणार? यातल्या एकाचंही उत्तर गोलमोल आलं, तर पैसे खिशातच बरे.

५. कागद सापडला पाहिजे

निम्मी तयारी इथे वाया जाते. मृत्युपत्र बहुधा सगळं आटोपल्यावर उघडलं जातं आणि बँकेचा लॉकर रात्री उघडत नाही. तेव्हा या सूचना फक्त तिथे ठेवू नका. एकच पान पुरे: ठरवलेल्या माणसाचं नाव, दानाची नोंद, पेसमेकर, कुणाकुणाला कळवायचं त्यांचे फोन नंबर, ओळखपत्रं कुठे आहेत, आणि खाली तारीख-सही. मूळ प्रत वैद्यकीय फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा, एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवा. त्याचे प्रश्न तेव्हाच निघतात.

मोठं आजारपण, शस्त्रक्रिया किंवा गाव बदलल्यावर पान नव्यानं लिहा आणि जुन्या सगळ्या प्रती फाडून टाका. दोन तारखांचे दोन कागद निघाले, तर भांडण ठरलेलं.