निघण्याआधी: दोन सीटर गाडी आणि आगीची बाटली

दिवाळी आटोपते, भात झोडून घरात येतं, पावसाने उखडलेला रस्ता थोडाफार सारखा होतो. मग रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण असा किनारा धरून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, हा आमचा दरवर्षीचा नेम. गाडी १९६५ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, उघडं टप, लांब नाक आणि म्हातारपणाची सगळी दुखणी. तेल, पाणी, हवा, प्लग, पट्टा यांची यादी जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. ही यादी एकाच वस्तूची आहे, आग विझवायच्या बाटलीची. ती एकदा नको तिथे ठेवली होती, म्हणून आता निघण्याच्या आठवडाभर आधीपासून मी तिच्याच मागे असतो.

काही वर्षांपूर्वी साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना बॉनेटच्या फटीतून धूर आला. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई कचऱ्याच्या कणाने अडकली होती आणि पेट्रोल वाहत होतं. ते बाहेर नेणारी ओव्हरफ्लोची बारीक नळी कधीतरी गळून पडली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. या इंजिनात दोन्ही एसयू कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, डावीकडे. मधे फक्त एक पत्रा. म्हणजे गळकं पेट्रोल आणि लाल व्हायला आलेलं लोखंड शेजारी शेजारी नांदतात. माझ्याकडे फायर एक्स्टिंग्विशर होता. नवा कोरा, आयएसआय मार्कचा. डिकीत होता, दोन बॅगा आणि काजूच्या पिशवीखाली. मी डिकी उपसत असताना मागून चिरे भरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आपली बाटली घेऊन धावत आला आणि त्याने काम आटोपलं. गाडी वाचली. आमच्या मेस्त्रींनी नंतर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाटली बरी आसा, पण येळार काढतलास कशी?"

तेव्हापासून बाटली कुठली घ्यायची हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा आहे. पण तोही उरकून टाकू. दुकानात साधारण तीन गोष्टी समोर येतात. एबीसी पावडरची बाटली लाकूड, कापड, पेट्रोल सगळ्यावर चालते, वायरिंगवरही चालते, स्वस्त असते आणि कुठेही मिळते. कार्बन डायऑक्साइडची बाटली मागे घाण ठेवत नाही, पण तिचं पोलाद जड आणि उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो. आणि आमच्याकडे वारा नाही असा दिवस कुठला? तिसरी क्लीन एजंट वायूची. घाण शून्य, किंमत भरपूर, आणि वाऱ्याची अडचण तिलाही आहेच. हॅलॉन या आग विझवणाऱ्या जुन्या वायूची बाटली कोणाच्या माळ्यावर सापडली तर गाडीत घेऊ नका. ओझोनच्या थरासाठी १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबलं. तेव्हा ती बाटली जुनीपुराणीच असणार, आणि भरून तरी कोण देणार?

मी एबीसी घेतो, आणि तिचा तोटा जाणून घेतो. त्या पावडरीतला मुख्य घटक मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे खतवाले विकतात तेच. (मुदत संपलेली बाटली खळ्यात उडवली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, कलमांना घालू का? मी नको म्हटलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात सिलिकॉन घातलेलं असतं.) ती पावडर दमट हवेत पाणी धरते, आंबट होते आणि ॲल्युमिनियम खाते. त्या घाटातल्या दिवसानंतर मी गाडी झाडून ठेवली आणि आळस केला. दोन आठवड्यांत कार्बोरेटरवर पांढरे फोड आले. आता नियम असा की पावडर उडाली तर आधी कोरड्या व्हॅक्यूमने ओढायची, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मग कोरडं करायचं. हे झाल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, नाहीतर तीच पावडर आत ओढली जाते. किटकिट आहे, पण जळलेल्या गाडीपेक्षा परवडते.

बाटली घेताना आयएस १५६८३ हा क्रमांक आणि आयएसआय मार्क पाहा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा, आणि तोंडाचा भाग धातूचा घ्या. प्लॅस्टिकचं तोंड उन्हात वर्षं काढल्यावर दाबताना तुटलं तर हातात काय उरणार? लेबलवर कमाल तापमान लिहिलेलं असतं, बहुधा ५५ किंवा ६० अंश. टप बंद करून मे महिन्यात गाडी उन्हात ठेवणाऱ्यांनी तो आकडा वाचावा आणि गाडी सावलीत न्यावी. मोटारीच्या दुकानात स्प्रेच्या डब्यासारखं एक छोटं पात्र मिळतं. बाटलीशिवाय आणखी ठेवायचं तर ठेवा, बाटलीच्या जागी नको. त्याला काटाच नसतो, आत दाब उरलाय की नाही ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, जागा. डिकी बाद, हे सांगून झालं. शिवाय या गाडीची पेट्रोलची टाकी डिकीच्या फरशीखालीच आहे. सीटच्या मागची फळीही बाद, कारण तिच्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. दाराला लावली तर दार उघडताना ती आपल्यापासून लांब जाते. ड्रायव्हरच्या पायाशी नुसती ठेवणं तर सगळ्यात वाईट. वळणावर ती घरंगळते आणि ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसते. आग लागेल तेव्हा लागेल, घाटात ब्रेक न दबणं त्याच्या आधी मारेल. मी बरेच दिवस गाडीच्या सीटवर बसून, पट्टा लावून, डोळे मिटून हात फिरवत होतो. बायकोला वाटलं मला ध्यान लागलंय. शेवटी जागा ठरली ती शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेला, आडवी, तोंड गिअरच्या बाजूला. बसल्या जागी वाकून डावा हात पोहोचतो. गाडी इतकी अरुंद आहे की बाहेर पडल्यावर कुठल्याही दारातून आत हात घातला तरी ती लागते. तुमच्या गाडीत जागा दुसरी निघेल. पण या दोन्ही परीक्षा, बसून आणि बाहेर उभं राहून, रात्रीच्या अंधारात एकदा कराच.

आकार मी एक किलोचा घेतला. दोन किलोची जास्त वेळ चालते, पण या गाडीत ती शेजारच्याच्या पोटऱ्यांत टोचते, आणि टोचणारी वस्तू लोक तिसऱ्या दिवशी काढून डिकीत टाकतात. एक किलोची पावडर जेमतेम आठ-दहा सेकंद पुरते, एवढं ध्यानात ठेवायचं.

बसवायचं काम मेस्त्रींसमोर बसून करून घ्या. बाटलीबरोबर येणारा प्लॅस्टिकचा किंवा पातळ पत्र्याचा आकडा भिंतीसाठी असतो, गाडीसाठी नव्हे. धातूचा ब्रॅकेट, धातूचे दोन पट्टे आणि एका झटक्यात उघडणारी कडी हवी. मोटार शर्यतींसाठी एफआयए या जागतिक संघटनेचा नियम आहे की बाटलीच्या बैठकीने २५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट झटका सोसला पाहिजे. भरलेली बाटली दोन किलोच्या आसपास धरा. तेवढ्या झटक्यात ती सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीएवढा जोर लावते. आता सांगा, पत्र्याच्या दोन स्क्रूंवर सिमेंटची गोणी लटकवाल का? आम्ही तीन मिलिमीटर जाड पट्टी कापून सीटच्या पुढच्या दोन बोल्टांत अडकवली आणि ब्रॅकेट त्या पट्टीला बोल्टने बांधला. फरशीला नवं भोक पाडावंच लागलं नाही. बोल्ट इंची आट्यांचे आहेत, तिथे मिलिमीटरचा बोल्ट "बसतोय जवळजवळ" म्हणून पान्ह्याने दामटू नका. भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली झोपून पाहा. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, बॅटरीची जाड केबल यातलं काय त्या जागेच्या मागे आहे? आग विझवायचं साधन बसवताना पेट्रोलच्या नळीत ड्रिल घालणारे मी ऐकलेत, आणि हसलोही आहे, जरा दबकत.

आणि गंज. घाटावरचे मित्र हे विसरतात. आमच्याकडे खारं वारं वर्षभर पत्रा चाटत असतं. भोकाची कड उघडी राहिली तर एका पावसाळ्यात बोल्टच्या भोवतीचा पत्रा पापडासारखा होतो. मग बोल्ट घट्टच असतो, फक्त फरशी त्याला सोडून जाते. म्हणून कडेला झिंक प्रायमर, वर रंग, खालून रुपयाच्या नाण्याहून मोठा वॉशर, सीलंट आणि नायलॉनचा नट. निघण्याआधी ब्रॅकेट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायचा. गाडी हलली तर ठीक, ब्रॅकेट हलला तर पुन्हा मेस्त्री. कडीला तेलाचा थेंब द्यायचा आणि ती दहा वेळा उघडून-लावून बघायची. आमची कडी एका वर्षी मिठाने धरली होती. बाटली भरलेली, काटा हिरवा, आणि निघेना.

महिन्यातून एकदा बाटली काढून उलटी धरा. आत पावडर सरकल्याचं हाताला कळलं पाहिजे. गाडीच्या थरथरीने ती तळाशी ढेकळासारखी घट्ट बसते. कधी थोडीशी जरी उडवली तरी बाटली परत भरून घ्या. पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत राहतात आणि दाब हळूहळू निघून जातो.

ती वापरावी लागू नये म्हणून काय बघायचं, ते थोडक्यात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. नवी नळी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ हा पेट्रोलच्या नळीचा दर्जा लिहिलाय का बघा. ओव्हरफ्लोच्या त्या दोन बारीक नळ्या मी आता सकाळ-संध्याकाळ बघतो, दुधाने तोंड पोळलेलं असल्यामुळे ताकही फुंकून पितो. या गाडीला चालू फ्यूज अवघे दोन. हेडलाइट आणि इग्निशनच्या वायरी त्यांच्या आश्रयालाच नाहीत, म्हणून आम्ही जादा फ्यूज आणि बॅटरी तोडायचा स्विच लावला. आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे नेहमीच्या उलट, बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. मदतीला आलेला कोणी जंपर केबल नेहमीच्या सवयीने लावायला गेला तर हात धरून थांबवा. शेवटचं म्हणजे उंदीर. चार महिने मांगरात उभ्या गाडीच्या एक्झॉस्टवर त्यांनी नारळाच्या सोडणाचं असं मऊ घरटं केलं होतं की काढताना वाईट वाटलं. ते तसंच राहून इंजिन तापलं असतं तर?

प्रत्यक्षात धूर दिसला तर क्रम असा, आणि तो शेजारी बसणाऱ्याकडूनही वदवून घ्यायचा. गाडी कडेला, चावी बंद. चावी बंद करणं विसरायचं नाही, कारण मागच्या चाकाजवळचा विजेचा पंप चावी चालू असेपर्यंत आगीला पेट्रोल पाजत राहतो. मग माणसं बाहेर, मग बाटली. बॉनेट सताड उघडायचं नाही. आतून खटका ओढला की ते बोटभर उचललं जातं आणि दुसऱ्या आकड्यावर अडतं. त्याच फटीतून, वारा पाठीशी घेऊन, पावडर आत मारायची. पूर्ण उघडलंत की आगीला श्वास मिळतो आणि तुमच्या भुवया जातात. ज्वाळा दिसत असतील तर त्यांच्या बुडावर, झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे. बाटली संपली आणि आग राहिली, तर लांब जाऊन ११२ लावायचा. विम्याची गाडी विम्याला, बस.

वाटेतलंही थोडं. कार्बोरेटर कोरडा पडला की त्याच्या तोंडात पेट्रोल ओतून स्टार्टर मारायची पद्धत गावोगावच्या गॅरेजात आहे. इंजिनाने उलटा फटका दिला की ती पेट्रोलची बाटली ओतणाऱ्याच्या हातातच पेटते. आमच्या गाडीला तसं कोणी करू लागलं तर मी नम्रपणे पेट्रोलची बाटली त्याच्याकडून काढून घेतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, फोटोसाठी गाडी गवतात घालू नका. श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरलेला सडा डिसेंबरात वाळून कडकडीत होतो, आणि एमजीबीचा एक्झॉस्ट जमिनीपासून वीतभरच असतो. जांभ्यावर मोकळी जागा भरपूर आहे, तिथे लावा. फोटोही बरा येतो.

परत आलो की बाटली गाडीतच राहते, मे अखेरपर्यंत. पहिला पाऊस दिसायला लागला की गाडी मांगरात, बाटली माजघरात खुंटीला, ब्रॅकेटला ग्रीस. आणि स्टिअरिंगला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला असतो. त्यावर बायकोच्या अक्षरात लिहिलंय: बाटली घरात आहे.