भर पावसात गाडीने लांब निघताय? निवृत्तांनो, या चुका टाळा

जुलैत पुण्याहून मालवणला निघालो तेव्हा ह्यांनी वेळापत्रक कागदावर मांडलं होतं. सहाला निघायचं, साडेदहाला कोल्हापूर, जेवायला वैभववाडी, चहाला मालवण. अडतीस वर्षं मस्टरवर सही केलेल्या माणसाची खोड! आता आमची हजेरी कोण घेणार होतं? पण बाकीच्या सगळ्या चुका त्या कागदातून निघाल्या.

पहिली म्हणजे हवामान पाहिलं ते मालवणचं. मध्ये सह्याद्री आहे हे विसरलोच. हवामान खातं पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो बघा. ऑरेंज म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, रेड म्हणजे त्याहून जास्त. त्या दिवशी घाट ऑरेंज होता. गगनबावड्याच्या रस्त्याला मांडुकलीजवळ पाणी आलेलं. जोराचा पाऊस लागला की तिथे पाणी येतंच, कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही कुणी सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही.

समोरून एक ट्रक पाणी कापत गेला. हे म्हणाले, "गुडघाभर पण नाही, निघू." मी म्हटलं, "अहो, ट्रकची उंची बघा आणि आपली बघा." गाडीचं इंजिन हवा ओढतं ती जागा कारमध्ये बरीच खाली असते. तिथून पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि पाण्याखाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय, ते वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या. आम्ही वळलो. कोल्हापुरात दोन रात्री राहिलो, तांबडा-पांढरा खाल्ला, काही बिघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, पण गगनबावड्याला धुकं. ह्यांनी चारही इंडिकेटर लावले. ते चालत्या गाडीत लावायचे नसतात. आपण वळतोय की थांबलोय हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट खाली ठेवा, अपर लावला की धुक्याची पांढरी भिंत उभी राहते. त्यात काचेला आतून वाफ धरली. मी ओढणीने पुसत राहिले, तर काचेवर तेलकट पट्टे उमटले आणि समोरच्या दिव्याची त्यात फुलबाजी झाली. ह्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणजे बघायलाच नको. शेवटी एसी लावून हवा पायाकडून काचेकडे वळवली, बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलं आणि दोन मिनिटांत काच स्वच्छ. बारा वर्षं तीच गाडी, बटण कशाचं ते त्या दिवशी कळलं! उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारेही भेटतात. त्यांना ब्रेक तापल्याचा वास आला की कळतं. चढाला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरा. कड्याखाली फोटोला किंवा कणसाला थांबू नका, विशेषतः वरून गढूळ पाणी आणि बारीक खडे येत असतील तर.

आता आमच्या वयाची गोष्ट. रक्तदाबाच्या गोळीबरोबर ह्यांना पाण्याचीही, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी आहे. "सारखं कुठे थांबायचं" म्हणून त्यांनी ती न सांगता बुडवली, वर दिवसभर पाणीही प्यायले नाहीत. संध्याकाळी पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. गोळीची वेळ बदलायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनाने बुडवू नका. दर दीड तासाने पेट्रोल पंपावर थांबा, गरज असो वा नसो. औषधांची पिशवी पायाशी हवी. आमची डिकीत, पांघरुणांच्या खाली होती. ती काढेपर्यंत पांघरुणं भिजली आणि रात्री लॉजवाल्याकडे चादरी मागाव्या लागल्या.

दोघांच्या फोनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, घाटात एकाची तरी रेंज येते. अडकलात तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आणि दुपारी चारनंतर घाटात शिरायचं नाही, हे आता आमच्या घरात मी ठरवते.