गाडी हलकी करताना पत्रा कशानं कापायचा?

०.८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला १०० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडलं, तर साधारण ४९ ग्रॅम वजन कमी होतं. एक किलो घटवायला अशी वीस भोकं लागतात. ऑटोक्रॉसची, म्हणजे आखलेल्या ट्रॅकवर वेळ मोजून होणाऱ्या शर्यतीची, गाडी तयार करायला शिकणाऱ्या मुलांना मी हत्यार देण्याआधी हा हिशेब करायला लावतो. पोलादाची घनता घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम, पत्र्याची जाडी व्हर्नियरनं मोजायची, बाकी गुणाकार.

हिशेब केला की कळतं, पहिलं वजन पान्यानंच उतरतं: मागची सीट, कार्पेट, दरवाजांची पॅनेलं. फरशीवरचा आवाज रोखणारा डांबरी थरही बराच जड असतो. त्यावर कोरडा बर्फ पसरा. उणे ७८ अंशांवर तो थर ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी तुकड्यातुकड्यांत निघतो. जाड हातमोजे घाला आणि दारं उघडी ठेवा, कारण बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो.

यानंतर कापायचं ठरलं, तर पत्र्यामागे काय आहे आणि कापलेली कड पुढे राहणार आहे का, हे बघून हत्यार ठरवायचं. चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची कटिंग डिस्क सगळ्यांकडे असते, म्हणून सगळे तेच उचलतात. सरळ, लांब, उघड्या कापासाठी ते उत्तमच. पण त्याच्या ठिणग्या काचेत रुततात आणि नंतर तिथं गंजाचे ठिपके उठतात. वायरिंग किंवा पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ग्राइंडर नकोच. जस्त चढवलेला पत्रा तापला की निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नका. डिस्कवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील, तर ती डिस्क लावायची नाही. गार्ड काढून काम करणारा माणूस माझ्या शेडमध्ये मी उभा करत नाही.

दरवाजाची आतली जाळी काढताना मला निबलर, म्हणजे पत्र्याचे छोटे तुकडे तोडत पुढं जाणारं हत्यार, सगळ्यात आवडतो. सुरुवातीला एक भोक लागतं, मग तो पत्रा कुरतडत जातो. ठिणगी नाही, उष्णता नाही, पत्रा वाकत नाही, वळणंही सुबक येतात. त्रास एकच, चंद्रकोरीसारखे धारदार कण सगळीकडे सांडतात. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फिरवा, मग पिशवी उलटी करा, कण आत राहतात. बाजूनं धडक बसली तर वाचवणारी दरवाजातली आडवी इम्पॅक्ट बीम मात्र तशीच ठेवा.

पत्रा कापायची कात्री घेताना मुठीचा रंग बघा: लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. साध्या पोलादाचा एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा ती आरामात कापते. जिगसॉ वापरणार असाल तर बारीक दातांचं बायमेटल पातं घ्या. दोन दातांमधलं अंतर पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त झालं की पातं अडकतं आणि पत्रा थरथरून फाटतो. होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, सावकाश चालवायचा, ५० मिलिमीटरच्या होलसॉला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे पुरेत, आणि कटिंग ऑइल हवंच. अख्खा ब्रॅकेट काढायचा असेल तर कापूच नका, स्पॉट वेल्ड कटरनं टाके सोडवा. खालचा पत्रा शाबूत राहतो.

पिलर (छताचे खांब), सिल (दारांखालचा उंबरठा), शॉकअपचे टॉवर, सीट आणि बेल्ट बसतात ती जागा यांना हात लावायचा नाही. नव्या गाड्यांच्या पिलरमधलं बोरॉन स्टील साध्या ड्रिलला दादही देत नाही, आणि तुम्हाला वाचवायला ते तिथं असतं. हे सगळं फक्त ट्रॅकच्या गाडीसाठी आहे. रस्त्यावरच्या गाडीत मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. स्पर्धेच्या गाडीतही तुमच्या गटाचे नियम आधी वाचा, कित्येक गटांत पत्रा कापायला मुभाच नसते.

कापलेली प्रत्येक कड त्याच दिवशी कानशीनं घासून प्रायमर मारा. आपल्या पावसाळ्यात उघडा पत्रा वाट बघत नाही.

खरेदीसाठी पुण्यातली मुलं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊ शकतात. पहिल्या गाडीला तीन कात्र्या, चांगली कानस, चष्मा आणि ड्रिलला जोडायचा निबलर एवढं घ्या. एअर सॉ आणि कॉम्प्रेसर ओळखीच्या डेंटरकडे वापरून बघा, पैसे नंतर घाला.