घरचा लेथ आणि खारा वारा: मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोकणात घरी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, ठेवणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "मशीन गेलं." बघायला जावं तर मशीन बिचारं ठणठणीत असतं. माझा शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी टूलचं (कापणाऱ्या हत्याराचं) टोक, मग जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरलाय कसा, मग मशीन उभं कशावर आहे, आणि सगळ्यात शेवटी मशीन. बरेच जण नेमकी उलटीकडून सुरुवात करतात. हेडस्टॉक (जॉब फिरवणारी डावीकडची पेटी) उघडतात, बेअरिंग आवळतात आणि धडधाकट मशीनला आजारी पाडतात.

गंज मात्र या क्रमात बसत नाही. मशीन बंद असलं तरी तो आपलं काम करतच असतो, म्हणून आधी त्याचंच बघू.

गंज: तेल लावूनही का येतो?

नोकरी मुंबईत आणि लेथ गावच्या घरी, अशांना हा प्रश्न दरवर्षी गणपतीत पडतो. मे अखेरीस बेडला (मशीनच्या आडव्या लोखंडी पाठीला) भरपूर तेल चोपडून गेलेले असतात. परत येऊन बघतात तर तेलाखालीच तांबूस ठिपके. याचं कारण मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण बेडवर बसलेले असतात, आणि मीठ तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. आपण वरून तेल फिरवतो तेव्हा मीठ खालीच कोंडून ठेवतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता याच्या वरच असते.

म्हणून बेडवरून आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा. लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की लोक दचकतात, पण मीठ निघतं ते पाण्यानेच. लगेच कोरड्या फडक्याने पुसा, मग रॉकेलचा हात, आणि ते उडून गेल्यावर तेल. टेलस्टॉक (उजव्या टोकाचा सरकता आधार) आणि कॅरेज (टूल वाहून नेणारा भाग) सरकवून त्यांच्या खालचा भागही पुसा, कारण सगळ्यात वाईट गंज तिथे लपलेला असतो. घामाच्या बोटांचे ठसेही मिठाचेच. उघड्या बेडवर हात टेकायची सवय मोडा.

गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल फुकट मिळतं म्हणून तेच लावणारे पुष्कळ आहेत. त्यात जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, म्हणजे गंजाला पैसे न देता दिलेलं आमंत्रण. दोन-तीन महिने मशीन बंद राहणार असेल तर मेणासारखा थर धरणारं रस्ट प्रिव्हेंटिव्ह घ्या. पातळ मशीन ऑइल उभ्या भागांवरून ओघळून जातं.

दुसरी चूक प्लास्टिकची. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेल्या मशीनभोवतीची ओल बाहेर पडत नाही. रात्री गार पडलेलं बीड (मशीनचं ओतीव लोखंड) सकाळी लवकर तापत नाही, आणि दमट हवा त्याला लागली की दव धरतं. हे थंडीच्या अखेरच्या सकाळीही होतं, नुसत्या पावसाळ्यात नाही. जुनी सुती चादर घाला आणि आत बेडखाली ४० किंवा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब जाळीच्या पिंजऱ्यात पेटता ठेवा, कापडाला टेकणार नाही असा. बीड आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन अंश जरी गरम राहिलं तरी दव बसत नाही. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, त्याची ऊब फारच थोडी. घर बंद करून जाणार असाल तर बल्बही बंद करा. तिथे आधार त्या मेणाच्या थराचाच.

त्याच पडवीत फणसाचं किंवा सागाचं काम होत असेल तर रंध्याचा भुसा बेडवर पडू देऊ नका, तो ओल धरून बसतो. जांभ्याच्या भिंतीची लाल धूळ तर पॉलिश पेपरसारखीच घासते. मायक्रोमीटर पेटीत ठेवताना दोन्ही तोंडं चिकटवू नका, थोडी फट ठेवा.

चॅटरिंग आलं की आधी टोक बघा

जॉब कुरकुरतोय, पृष्ठभागावर लाटा उमटताहेत. शंभरातल्या बहुतेक केसेस टूलच्या उंचीच्या आणि बाहेर काढलेल्या लांबीच्या असतात. उंची तपासायला उपकरण लागत नाही. मशीन बंद ठेवून जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी उभी धरा आणि क्रॉसस्लाइडने (टूल आडवं पुढेमागे नेणाऱ्या सरकपट्टीने) अलगद दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टोक सेंटरवर आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. टूलखालच्या पॅकिंगला हॅकसॉच्या मोडक्या पात्यांचे तुकडे चालतात.

टूल टूलपोस्टबाहेर (टूल आवळायच्या खोबणीबाहेर) जेमतेम कामापुरतं काढा. जॉबही चकबाहेर (जॉब धरणाऱ्या जबड्यांबाहेर) व्यासाच्या तीन-चार पटीपेक्षा जास्त लोंबत असेल तर टेलस्टॉकचा आधार द्या. एवढं करूनही कुरकुर राहिली तर फेरे कमी करा आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवा. घाबरत घाबरत फीड देणारा माणूस कापत नाही, घासतो.

हे स्टेनलेसवर सगळ्यात जास्त अंगाशी येतं. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठल्याही बंदराजवळच्या भंगारात ट्रॉलरच्या जुन्या शाफ्टचे तुकडे मिळतात आणि घरच्या लेथवर तेच येतात. ३०४ किंवा ३१६ जातीचं स्टेनलेस घासलं गेलं की त्या जागी कडक होतं, आणि पुढचा कट त्या कडक कातडीवर घसरत राहतो. टूल जागेवर थांबू देऊ नका. एक तर कापा, नाहीतर मागे घ्या.

फेऱ्यांचा हिशोब सोपा आहे: ३१८ ला कटिंग स्पीडने (मिनिटाला किती मीटर कापायचं त्या आकड्याने) गुणा आणि मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टीलला, म्हणजे साध्या मऊ पोलादाला, मिनिटाला २५ मीटर धरले तर २५ मिमीच्या सळईला मिनिटाला ३१८ फेरे येतात. स्टेनलेसला १२ ते १५ मीटर धरा, म्हणजे दीडशे ते एकशे नव्वद. चकाकी यावी म्हणून याच्या दुप्पट वेगाने फिरवून टूल जाळणारे आठवड्याला एक तरी भेटतात.

कटिंग ऑइल नाही म्हणून खोबरेल वापरतात. कापायला ते चांगलंच आहे, पण काम झाल्यावर पुसून काढा. तसंच राहिलं तर खवट होऊन चिकट थर धरतं आणि पितळेवर हिरवट डाग पाडतं.

जॉब एका बाजूला जाड येतो

टेलस्टॉकचा आधार असताना टेलस्टॉककडे जाड येत असेल तर टेलस्टॉक तुमच्यापासून पलीकडे सरकलाय. बारीक येत असेल तर तुमच्याकडे. आधाराविना चकमध्येच धरलेल्या जाड, आखूड जॉबला टेपर (एका बाजूला निमुळतेपणा) येत असेल तर संशय बेडच्या पिळावर घ्या. जाड सळईवर १५० मिमी अंतराने दोन कॉलर (उंच कडी) ठेवा, दोन्हींवर एकाच सेटिंगमध्ये अगदी हलका शेवटचा कट घ्या आणि मायक्रोमीटरने मापा. फरक दिसला तर पायाखालची पॅकिंग बदलून बेडचा पीळ काढा. लाकडी स्टँडवर किंवा भराव केलेल्या पडवीत उभं असलेलं मशीन पावसाळ्यात हलतं, म्हणून ही परीक्षा दसऱ्याच्या सुमारास पुन्हा घ्यावी.

थ्री-जॉ (तीन जबड्यांचा) चक जरासा वाकडा धरतो, हा त्याचा स्वभाव आहे. सगळे व्यास एकाच सेटिंगमध्ये काढा, नाहीतर चार जबड्यांचा फोर-जॉ आणि जॉबची डुलणी दाखवणारा डायल गेज घ्या.

पात्याला पाणी चढत नाही

"दादा, ह्या पात्याक पाणीच चढना नाय," म्हणजे तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही, म्हणून आंबे काढायच्या काठीचं, झेल्याचं, पातं घेऊन लोक येतात. पातं बहुतेक गेटच्या उरलेल्या पट्टीचं असतं. माइल्ड स्टीलमध्ये कार्बनच इतका कमी की कितीही लाल करून बुडवा, ते कडक होणार नाही. ग्राइंडरवर ठिणग्या बघा: लांब, साध्या, क्वचितच फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे माइल्ड स्टील. आखूड आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या म्हणजे कार्बन भरपूर. पात्याला चांगल्या कंपनीची जुनी कानस उत्तम. आधी लाल करून राखेत रात्रभर गार होऊ द्या, मग आकार द्या. स्वस्तातली कानस कधी कधी वरून कडक आणि आतून मऊ असते, तिच्या नादी लागू नका.

तापवणं अंगणातल्या उन्हात करू नका, रंगाचा अंदाज हमखास चुकतो. सावलीत तापवा आणि चुंबक लावून बघा. चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवून तेलात बुडवा. बुडवून झाल्यावर पात्यावरून दुसरी कानस न कापता घसरायला हवी. तसंच वापरलं तर फांदीवर आपटताच तुकडा उडेल. म्हणून पृष्ठभाग घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू तापवा. धारेवर गवती पिवळा रंग आला की, म्हणजे २२० ते २४० अंशांना, थांबवा. निळा आला म्हणजे ३०० गाठलं. ते स्प्रिंगला ठीक, धारेला मऊ.

एचएसएस टूलचं गणित वेगळं आहे. ग्राइंडरवर ते निळं झालं म्हणून वाया जात नाही, सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत ते कडकपणा टिकवतं. पण तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवलं की धारेत बारीक तडे जातात आणि धार कणाकणाने गळते. त्याला हवेतच गार होऊ द्या. पाण्याचा डबा कार्बन स्टीलसाठी ठेवा. आणि त्या दगडावर अॅल्युमिनियम घासू नका. दगड भरतो, तापतो आणि फुटूही शकतो.

मोटर गुरगुरते, फिरत नाही

सिंगल फेज मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. घरापासून मांगरापर्यंत (आवारातल्या खोपटापर्यंत) बारीक वायर ओढली असेल तर व्होल्टेज तिथेच मरतं. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: २३० च्या जागी १८४ मिळाले तर व्होल्टेज ८० टक्के, ताकद मात्र ६४. मीटर घरातल्या बोर्डावर लावू नका. मोटरच्या टर्मिनलवर लावा आणि मोटर सुरू होत असताना वाचा. टर्मिनलला हात घालायचा सराव नसेल तर हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या. घरात २३० आणि मोटरपाशी बरंच कमी दिसलं तर वायर जाड करा. व्होल्टेज ठीक असेल तर कपॅसिटर बदला. मोटर गुरगुरत उभी राहिली तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच.

हातमोजे, उपरणं, लोंबती बाही आणि चकमध्ये विसरलेली चावी यांच्या धोक्यावर जास्त लिहीत नाही. फिरत्या जॉबला पॉलिश पेपर मात्र बोटांभोवती गुंडाळून कधीच धरू नका. दोन हातांत दोन टोकं धरून लावा, आणि त्याआधी बेडवर जुनं वर्तमानपत्र अंथरा.