महिन्याला सात हजार आणि तेही तारखेला येत नाहीत, घर कसं चालवायचं

आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, दिव्यांग सर्टिफिकेट ७० टक्क्यांचं आहे. आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते, महिन्याला १४ हजार आणि वर भत्ता. आता घरात येतात ते असे, संजय गांधी निराधार योजनेतून ह्यांच्या पेन्शनचे २५००, लाडकी बहीणचे माझे १५०० आणि ब्लाऊज, फॉल-पिकोचे तीन हजाराच्या आसपास. लग्नसराईत जास्त, पितृपक्षात शिलाई जवळजवळ बंद. घर स्वतःचं आहे, गावात आहे, भाडं नाही, हे आधीच सांगते कारण भाडं असतं तर खालचं गणित जमलंच नसतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला दीड वर्षाने कळली. निराधारचे पैसे ठरलेल्या तारखेला येतीलच असं नाही. कधी महिन्याचे महिन्याला येतात, कधी दोन महिने काहीच नाही आणि मग एकदम. मी सुरुवातीला ते या महिन्याच्या खर्चात धरायचे आणि पाच तारखेपासून मोबाईलवर मेसेजची वाट बघायचे, मेसेज नाही आला की दुकानात उधारी, मग पैसे आले की निम्मे उधारीत. आता आलेले २५०० मी पुढच्या महिन्याचे समजते, म्हणजे आज जमा झाले तर आज हात लावायचा नाही. हे सुरू करायला एकदा एक महिना तंगीत काढावा लागतो, दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. मी तो महिना दिवाळीनंतर काढला, लग्नाच्या शिवणाचे पैसे नुकतेच आले होते म्हणून जमलं. तुमच्याकडे एकदम दोन-तीन महिन्यांचा हप्ता साठून येईल तेव्हा त्यातला एक बाजूला काढा, तेवढ्यावर हे चालू होतं.

आता आमचा महिना. किराणा १९००, दूध रोज अर्धा लिटर म्हणजे ९००, भाजी ५००, औषधं ३००, डायपर आणि अंडरपॅड ७००, लाईट ४००, गॅस दोन महिन्यांनी एक म्हणून ४५० धरायचे, रिचार्ज २००, पोराच्या शाळेचं काहीतरी ३००, दवाखान्याला जायचं-यायचं ३००. बेरीज ५९५० होते. उरलेल्यातले काही बचत गटाला आणि काही डब्यात. तुमचे आकडे वेगळे असणार, पण एकदा तरी असे कागदावर मांडा, कारण मला मनातल्या मनात वाटायचं की आमचे पैसे किराण्यात जातात आणि पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दिसलं की औषधातही बरेच जातायत.

औषधांचं सविस्तर सांगते कारण खरी बचत तिथे झाली. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, या आयुष्यभर चालू राहणाऱ्या गोळ्या. मेडिकलमधून महिन्याला ११०० च्या आसपास जायचे. डॉक्टरांना विचारलं की जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय, चालेल का, ते म्हणाले चालेल, घेतली की स्ट्रिप मला दाखवा. मग तालुक्याच्या जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, घ्यायला लागले, तेच महिन्याला तीनशेच्या आत बसतं. जाताना चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर त्याखाली औषधाचं मूळ नाव आणि किती मिलीग्राम ते लिहून घ्या, नाहीतर काउंटरवर गोंधळ होतो. आणि कधीकधी एखादी गोळी तिथे संपलेली असते, म्हणून शेवटच्या चार गोळ्या उरल्यावर जाऊ नका, दहा उरल्या की जा. पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड करायची असलं काही करू नका, मी केलंय आठवडाभर, बीपी वाढलं आणि जे वाचलं त्याच्या पाचपट रिक्षात आणि तपासणीत गेलं.

डायपरचं कोणी बोलत नाही पण खर्च मोठा आहे. एक डायपर ३५-४० रुपयांना पडतो, दिवसाला दोन धरले तर महिन्याला दोन हजारांच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ अख्खी पेन्शन. आम्ही दिवसा डायपर बंद केला. दर दोन तासांनी मी किंवा पोरगा भांडं देतो, खाली जुन्या सुती साडीच्या घड्या आणि त्याखाली प्लास्टिक. रात्री अंडरपॅड, आणि डायपर फक्त दवाखान्याला जायच्या दिवशी किंवा मला बाहेर जायचं असेल तेव्हा. धुणं वाढतं, हे खरं. पण ह्यांच्या पाठीवरची लाली पण त्यानेच कमी झाली. ज्या पेशंटला लघवी-संडास झालेलं अजिबात कळत नाही त्याला हे जमणार नाही, त्याच्या घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नका, डायपर वापरा.

लाईट बिल. महावितरणचं घरगुती बिल १०० युनिटपर्यंत एका दराने आणि १०१ व्या युनिटपासून पुढे जवळजवळ दुप्पट दराने लागतं. म्हणून शंभरच्या आत राहायला बघा. मी महिन्याच्या वीस तारखेला मीटरवर आकडा बघते आणि वहीत लिहिते, मागच्या बिलातला आकडा वजा करून सत्तरच्या वर गेला असेल तर इस्त्रीची कामं पुढे ढकलते. ह्यांच्या एअर बेडचा (हवेच्या गादीचा) पंप दिवसरात्र चालतो म्हणून सासूबाई तो रात्री बंद करायच्या, त्याला महिन्याला पाच-सात युनिटच लागतात हो, तो बंद करून वाचणार काही नाही आणि बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला तर ड्रेसिंगचा खर्च बघा मग.

रेशन. तुमचं कार्ड कुठलं आहे ते बघा. अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य असेल तर माणशी ५ किलो, आणि ते सध्या फुकट आहे. ज्या घराचा कर्ता माणूस दिव्यांग आहे आणि खात्रीचं उत्पन्न नाही ते घर अंत्योदयच्या निकषात बसतं, पण आपोआप कोणी बदलून देत नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो आणि पोच घ्यावी लागते. आमचं झालं पण बऱ्याच हेलपाट्यांनी. तांदूळ जास्त येतो म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा इडली-आंबोळी करतो, गॅस थोडा जातो पण पोराचा डबा भागतो.

आता कागद, हा विषय कंटाळवाणा आहे पण आमचं उत्पन्नच कागदावर चालतं. निराधारला दिव्यांगांसाठी ४० टक्के अपंगत्व आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजाराच्या आत लागतं, अर्ज सेतूतून किंवा तहसीलला. दिव्यांगांना महिन्याला १५०० होते ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले. वर्षातून एकदा हयातीचा दाखला आणि मागतील तेव्हा उत्पन्नाचा, हे चुकलं की पैसे थांबतात आणि फोन करून कोणी सांगत नाही. सर्टिफिकेट टेम्पररी असेल तर त्यावर किती तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं, ती तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात मांडा आणि दोन-तीन महिने आधीच सिव्हिलला जायला लागा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, आता सगळीकडे तेच मागतात.

आमचा एक घोळ सांगते म्हणजे तुमचा वाचेल. गेल्या वर्षी तीन महिने पैसेच आले नाहीत, मी तहसीलला दोन खेपा घातल्या, तिथले म्हणाले आम्ही पाठवलेत. शेवटी सेतूतल्या मुलाने आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघितलं आणि कळलं की पैसे भलत्याच बँकेत जात होते. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी दुसरं खातं काढलेलं, त्याला आधार शेवटचं जोडलं गेलेलं, आणि डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे, जे खातं आधारला मॅप असेल तिथे जातात, तुम्ही फॉर्ममध्ये कुठला नंबर लिहिलाय त्याचा संबंध राहत नाही. साडेचार हजार तिथे पडून होते आणि मी इकडे उधारीवर तेल आणत होते. त्यामुळे पैसे थांबले की आधी हे बघा, दोन मिनिटांचं काम आहे, मग तहसीलला जा. आणि ज्या खात्यात पेन्शन येते त्यातून कुठलाही कर्जाचा हप्ता लावून ठेवू नका, पैसे यायच्या आधी कापायला बँक तयारच असते. शक्यतो मिनिमम बॅलन्स नसलेलं जनधन खातं ठेवा.

लाडकी बहीणबद्दल पण एक. बाई स्वतः दिव्यांग असेल आणि निराधारचे पैसे घेत असेल तर तिला दोन्ही मिळत नाहीत. माझ्यासारखं नवरा निराधारमध्ये आणि बायको लाडकी बहीणमध्ये, ते चालतं. कोणीतरी सांगतं म्हणून दोन्हीकडे फॉर्म भरू नका, नंतर पडताळणी होते.

ज्या गोष्टी पैशात येत नाहीत पण खर्च वाचवतात त्यांच्याकडे आम्ही उशिरा वळलो. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला पण निम्मं तिकीट, आम्ही पहिलं वर्ष रिक्षा ठरवून गेलो, मूर्खपणा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तोंडी विचारलं की नंतर बघू म्हणतात, म्हणून डिसेंबरमध्येच लेखी अर्ज द्या आणि पैसे नका मागू, वस्तू मागा, आम्ही कमोड खुर्ची मागितली ती मिळाली. अॅडमिट करायची वेळ आली तर आधी महात्मा फुले योजनेत बसणारा दवाखाना शोधा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, पण अॅडमिट होतानाच रेशन कार्ड दाखवून आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटायचं, बिल झाल्यावर नाही. आणि ज्यांचं अपंगत्व अॅक्सिडेंटमुळे आलंय त्यांनी पासबुक उघडून बघा वर्षाला २० रुपये कापलेत का, तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः असेल तर १ लाख. आपल्याला वाटतं बँकेने उगाच कापले. क्लेम लगेच करायचा, वर्षभर थांबून नाही. आम्हाला तो लागू नव्हता कारण झटका हा आजार धरतात.

कर्ज. झटका आला तेव्हा दवाखान्यासाठी एका फायनान्सचं कर्ज काढलं, ते फिटायला अडीच वर्षं लागली. हप्ता चुकणार असं दिसलं की आधी स्वतः जाऊन सांगा, लपू नका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मी एकदा फोनवर शांतपणे हे वाक्य म्हटलं आणि रात्रीचे फोन बंद झाले. आणि जुनं मोठं कर्ज असेल तर त्यासोबत विमा काढलेला होता का ते कागदात शोधा, काही विम्यांमध्ये अपंगत्व पण असतं. नवीन कर्ज मात्र बचत गटाशिवाय कुठूनच नाही.

उधारीचं म्हणाल तर पूर्ण बंद होत नाही, मी मर्यादा घातलीय, ५०० च्या वर नाही, आणि दुकानदार अण्णांनाच सांगून ठेवलंय की मी मागितलं तरी देऊ नका. मुलाला दुकानात पाठवताना चिठ्ठी देते, त्यावर बेरीज लिहून.

खर्चाची वही आता हे लिहितात. आधी मी लिहायचे आणि हे विचारायचे, कशाला गेले एवढे, त्यावरून कटकट व्हायची, ज्या माणसाने घर चालवलं त्याला विचारून पैसे मागायची वेळ येणं सोपं नसतं, ते मला पण कळायचं पण वेळेला तोंडातून काहीतरी निघायचंच. मग एक दिवस वही त्यांच्याकडेच दिली. डाव्या हाताने लिहितात, आकडे एवढे मोठे येतात की एका पानावर चारच दिवस बसतात, म्हणून वही लवकर संपते. गेल्या महिन्यात दूधवाल्याने दोन दिवस जास्त लावलेले त्यांनीच पकडले, पोराला पाठवून साठ रुपये परत आणवले.